देसिनाच्या भांड्यातलं हिरवं पाणी

देसिनाचं तोंड फटकळ, हे अख्ख्या झाग्रेबला ठाऊक होतं. राजा राहिला लांब हंगेरीत; इथे त्याच्या वतीनं बान राज्य करायचा आणि चांदीची नाणीही स्वतःच पाडायचा. त्याच्या टांकसाळीत देसिना सतरा वर्षं नाण्यांसाठी कापलेल्या चांदीच्या चकत्या उजळत होती. द्राक्षाच्या दारूचा गाळ, मूठभर मीठ आणि रटरटतं पाणी. चकत्या पांढऱ्याशुभ्र झाल्या की तिचा नवरा तोल्येन त्या ठशाखाली धरून हातोडा घालायचा.

त्या सोमवारी पाणी हिरवंगार झालं. चांदी चोख असली की पाण्याला जेमतेम रंग चढतो. एवढं हिरवं म्हणजे आत तांबं, तेही ढिगानं.

टांकसाळीचा नवा मुख्य, मिक्षा, दारातच उभा होता. "आणखी दोनदा उकळ. वरून पांढरं दिसलं की झालं."

"आणि पकडलं कुणाला जाईल?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

तिलाच तर करायचं होतं! खोटं नाणं सापडलं की हात तोडत, आणि तो तोडत ठसा मारणाऱ्याचा, म्हणजे तोल्येनचा. चकत्यांच्या पेटीची किल्ली बाळगणाऱ्या मिक्षासारख्याला साधं खरचटतही नसे. जळो मेला तो न्याय!

"देसिने, गप बस," तोल्येन कुजबुजला. "पोट आहे आपल्याला."

"आणि हात नको? जेवणार कशानं? धर काठी!"

भांड्याच्या कडीत काठी घालून दोघांनी ते भर बाजारात नेलं. बानाचा कारभारी तिथं घोडे पारखत होता. देसिनानं भांडं त्याच्या पायांशी उपडं केलं.

मिक्षा धापा टाकत आला. "या बाईनंच तांबं टाकलंय!"

"मग उघड की तुझी पेटी! नवं भांडं आण, नवा गाळ आण, आणि उकळ सगळ्यांसमोर!"

बाजारातच चूल मांडली. मिक्षाच्या पेटीतल्या चकत्या टाकल्या, आणि पाणी पुन्हा हिरवं झालं.

कारभाऱ्यानं तिला बाजूला घेतलं. "मिक्षाला मी बघतो. पण बानाच्या नावाला बट्टा नको. तुझा गाळ खराब होता म्हण. काम राहील, वर धान्यही देईन."

"चकत्यांना वरवर गोरं करायला नाही म्हटलं मी, आता बानाला करू होय?" देसिना गर्दीकडे वळून ओरडली, "गाळ चांगला होता हो! चांदी खोटी आहे, बानाच्या टांकसाळीतली!"

दोघांचं काम त्याच दिवशी गेलं. पुढं तोल्येन घोड्यांना नाल ठोकू लागला, दोन्ही हातांनी.