ज्या वस्तीतून दगड आला

मिरवणूक मशिदीसमोर थांबली, कुणीतरी शिवी दिली आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले. त्यातला एक माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून मुसलमानांची वस्ती आहे. दगड तिथूनच आला होता.

मी एका मराठी दैनिकात वार्ताहर होते. त्या दंगलीनंतर आमच्या पेपरात रोज सोसायट्यांचीच बाजू येत होती, कारण लिहिणारे आम्ही सगळे सोसायट्यांत राहणारे. मी संपादकांना म्हटलं, "मी वस्तीत राहते, तिथून लिहिते."

"तुझ्या भावाचं काय झालंय, माहितीय ना?"

"म्हणून तर म्हणतेय."

घरी बाबा म्हणाले, "जा. पण परत आलीस तर बाहेरच आंघोळ कर, मग आत ये."

वस्तीतल्या बालवाडीच्या बाईंनी मला एका विधवेच्या घरचा माळा दाखवला. ती साड्यांना फॉल लावायची; वस्तीत सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मी माझं कोकणातलं गाव सांगितलं, तर तिचं गाव आमच्या खाडीच्या पलीकडचंच निघालं. "म्हणजे आमच्याकडचीच गो तू, बाय," ती म्हणाली. तेव्हाच सांगून टाकलेलं बरं, असं मला वाटलं.

"खाला, ज्याचा डोळा गेला तो माझा भाऊ."

तिची सुई थांबली. "आणि त्यासाठी आत टाकलाय तो माझा मुलगा," ती म्हणाली. मग तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "राहा. बघ आमचं कसं चाललंय ते."

भिंतीपलीकडून आमच्याच गॅलऱ्यांतून कचऱ्याच्या पिशव्या येऊन पत्र्यावर आदळायच्या. लहानपणी जिनं मला गणित शिकवलं, तिचा आवाज मी ओळखला. "घ्या, खा!" ती वरून ओरडत होती. इकडे नाक्यावरची पोरं मी दिसले की एक डोळा मिटून चालून दाखवायची आणि हसायची. खाला त्यांना ओरडायची नाही. मला जेवायला मात्र रोज वाढायची.

तिचा मुलगा जुहूच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. मी तिथे गेले. त्या संध्याकाळी लग्नाची पार्टी होती आणि तो सुरुवातीपासून मोरीतच होता, असं तिथल्या सगळ्यांनी सांगितलं. पोलिसांना का नाही सांगितलं, असं विचारलं, तर आचारी म्हणाला, "कोण विचारायला आलं होतं?"

त्याला ओळखलं होतं ते माझ्या भावानं. मी भावाला सोसायटीच्या गेटवर बोलावलं.

"ताई, पोलिसांनी त्याला समोर उभा केला, हाच ना म्हणाले. मी हो म्हटलं. मला तेव्हा काय दिसत होतं?"

"मग आता तसं सांग."

"कशाला? कुणीतरी आत जायला हवं ना? हा नाही तर त्यांच्यातला दुसरा. काय फरक पडतो?"

"मी हे छापणार आहे."

"छाप. डोळा माझा गेलाय, तुझा नाही."

मी छापलं. हॉटेलातल्या माणसांचे जबाब झाले आणि मुलगा सुटला. तो घरी आला तेव्हा कोठडीतल्या मारानं त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. खालानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो डाव्या हातानं जेवू लागला. मग त्याची नजर माळ्यावर गेली.

"ही कोण?"

"डोळा गेला त्या पोराची बहीण. हिच्यामुळे सुटलास रे तू."

"आत कुणामुळे गेलो?"

तो ताटावरून उठला, शिडी चढला आणि माझी बॅग खाली फेकली. कपडे मोरीत पडले. नाक्यावरची ती पोरं दारात जमून बघत होती. खालानं माझ्या चपला उचलल्या, उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि म्हणाली, "जा, बाय. आता माझा आलाय."

ते ओले कपडे बॅगेत कोंबून मी सोसायटीत गेले. दार भावानं उघडलं आणि साखळी न काढता विचारलं, "कोण पाहिजे?" आत आई उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हापासून मी सांताक्रूझला भाड्याच्या खोलीत राहते. मधे भावाचं लग्न झालं. आईनं मोबाइलवर मला फोटो पाठवले. मी पहिलाच उघडून पाहत होते, तोवर बाकीचे तिनं पुसून टाकले होते.