बबनचा दम

मी आमचं सुपं गाव सोडलं त्या दिवशी आमचा अख्खा कबड्डीचा संघ मला एसटीवर पोचवायला आला होता. पिंपरीच्या एका कारखान्याने मला घेतलं होतं, ते कामगार म्हणून कमी आणि चढाईचा गडी म्हणून जास्त. गाडी लागली तेवढ्यात आबांनी, आमच्या वडिलांनी, माझ्या पिशवीकडे बोट केलं. "ते सा नंबरचं बनियन काड अन् बबनला दे. तुला तिकडं कंपनी देईल की नवं." बबन माझा धाकटा भाऊ. त्याने तिथंच शर्टावरून ते चढवलं. पार मांडीपर्यंत आलं. सगळे हसले, मीही हसलो. पण मी अजून गावाच्या हद्दीत होतो आणि माझी जागा भरलीसुद्धा होती.

पिंपरीत शिफ्ट होती, कॅन्टीन होतं, संध्याकाळी सराव होता. महिन्या-दीड महिन्यानं आबांचं पोस्टकार्ड यायचं. 'आपली चढाई बसली आहे. बबन दर वेळी धरला जातो.' खोटं कशाला सांगू, ते कार्ड मी पुन्हा पुन्हा वाचायचो आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावात काम उरलं नव्हतं, लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. यात्रेच्या सामन्यांना मी आमच्या कंपनीच्या कोचना घेऊन गेलो. "भाऊ चांगला असेल तर साहेबांकडे शब्द टाकतो," असं ते म्हणाले होते. बबनला ते ठाऊक होतं.

दोन चढायांतच मला सगळं कळलं. मी उंच, लांब हातांचा. माझी चढाई संथ असायची. समोरच्याला ताटकळत ठेवायचं, मग वाकून हात टाकायचा. संघाने बबनला तेच शिकवलं होतं. मैदानाची माती तो माझ्यासारखीच डाव्या हाताने कपाळाला लावत होता. पण तो माझ्यापेक्षा वीतभर बुटका. हात पोचायचा नाही आणि वाकलेला असतानाच धरला जायचा. त्याचे पाय मात्र विलक्षण होते. लहानपणी भांडताना त्याची लाथ कुठून आली ते मला कधीच कळलं नाही. त्याने झटकन आत जावं, पाय मारावा आणि परत यावं, एवढंच हवं होतं. पण कुणालाच बबन नको होता, सगळ्यांना दुसरा मी हवा होता.

याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण लोक "सा नंबर, सा नंबर" ओरडत होते ते त्याच्यासाठी. आणि माझ्या सामन्यांना कायम मागे, झाडाखाली उभे राहणारे आबा त्या दिवशी रेषेला खेटून उकिडवे बसले होते.

मध्यंतरात बबन धापा टाकत माझ्याकडे आला. "दादा, माजं काय चुकतंय रं?"

"दम कमी पडतोय तुझा," मी म्हणालो. "अजून आत जात जा."

त्याने मान डोलावली. अजून आत गेला आणि लागोपाठ तीनदा धरला गेला. "तुमच्या भावाला जमणार नाही हो," कोच म्हणाले. आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतलो. दुसऱ्या आठवड्यात बबन खडी फोडायला गेला.

आता मी चिंचवडला फ्लॅटमध्ये राहतो. गावी गेलो की बबन पोराबाळांना गोळा करतो आणि कौतुकाने सांगतो, "दादानं तवाच वळखलं हुतं. दम न्हवता माज्यात. मंग वरीसभर रोज पळलो, पर उशीर झाल्ता." मी चहाच्या कपात बघत बसतो.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांना विचारतो, तुम्हालाही आपली जागा मोकळीच राहिलेली हवी होती ना? मला हवी होती. माझ्यासाठी घर म्हणजे आता ते एक अंगण, जिथे माझं खोटं अजून मानाने सांगितलं जातं.

बबन, हे तुझी नात तुला वाचून दाखवेल. तुझा दम कधीच कमी नव्हता. पायानं खेळ, एवढंच मला सांगायचं होतं.