फाटक्या कोपऱ्याचं पत्र

मुरुडच्या स्टँडवर लातूरची एस.टी. सुटायला आली होती आणि माय खिडकीखाली उभी राहून मला भाकरीचं फडकं कसं सोडायचं ते समजावून सांगत होती. मी चोवीस वर्षांची, पुण्यात शिकून आलेली, आता जर्मनीला निघालेली. पण फडक्याची गाठ मला सुटेल याची तिला खात्री नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पलीकडे कंडक्टरशी पावसाबद्दल मोठमोठ्यानं बोलत होते. त्यांना रडू यायला लागलं की ते असेच कुणाला तरी धरून मोठ्यानं बोलत. गाडी हलली तशी माय दोन पावलं सोबत चालली. "पोचलीस की कागद धाड," म्हणाली. "लई लिहू नको, पर धाड."

कागद म्हणजे पत्र. मायला अक्षरओळख नव्हती, तरी तिनं माझ्याकडून मागितलं ते एवढंच. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनाही मला आज या मागणीबद्दल सांगायचं आहे. ती मी पाळली. फक्त एकदा अशी पाळली, की न पाळली असती तर बरं झालं असतं.

मुरुडची पोरगी असल्या जुन्यापुराण्या भाषांच्या नादी कशी लागली, असं मला इकडे आणि तिकडे दोन्हीकडे विचारतात. त्याचं उत्तर अण्णा. ते कलेक्टर कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारे कारकून, आणि निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. जमिनीचे जुने कागद सगळे उर्दूत. रविवारी आमच्या ओसरीवर माणसं असले कागद घेऊन यायची, अण्णा उजवीकडून बोट फिरवत वाचून दाखवायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून बघायची. सात-आठ वर्षांची असताना मला ती अक्षरं येऊ लागली. माय म्हणायची, "तुझ्या बापाचं समदं उलटंच, आता तूबी तशीच चाल."

पुढं पुण्यात अरबीच्या पहिल्या तासाला आमच्या बाईंनी फळ्यावर तीन व्यंजनं लिहिली, आपल्याकडची क, त आणि ब, आणि म्हणाल्या, या भाषांत अशा तीन व्यंजनांवर शब्दांचं अख्खं कुटुंब उभं राहतं. लिहिण्याशी संबंध असलेलं सगळं या तिघांच्या घरात. मी बसल्या जागेवरून किताब, कातिब, मकतब असं बोलून गेले. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हणाले, ओसरीवर. वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनीच मला पुढची वाट दाखवली: अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून आरामी, आणि या सगळ्या बहिणींत लिखाण सर्वांत जुनं जिचं सापडतं ती अक्कदी. असुर आणि बाबिल या इराकातल्या जुन्या शहरांतली माणसं ती बोलत आणि ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं टोचून लिहीत. ती शिकायचं तर त्या काळी परदेशी जाणं भाग होतं.

मी निघाले त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. पाऊस पुन्हा रुसलेला, विहिरींचा तळ दिसत होता, आणि गावात चर्चा मात्र कलेक्टर कुठं बसणार याची. आपलं मुरुड उस्मानाबादेतून उठून लातुरात गेलं. अण्णांचीही बदली झाली, कागदांच्या गाठोड्यांसकट. नव्या कचेरीत त्यांच्या शेजारी एक तरुण कारकून बसायचा, तो सगळं मराठीत लिहायचा, आणि अण्णा जुन्या उर्दू कागदांतलं त्याला वाचून द्यायचे. पुढं मला एका असुरी शिल्पाचं चित्र बघायला मिळालं. त्यात दोन लेखनिक शेजारी उभे आहेत: एक मातीवर अक्कदी लिहिणारा, दुसरा कातड्यावर आरामी लिहिणारा. मातीवाल्याची भाषा नंतरच्या काळात मागं पडत गेली. मी ते चित्र अण्णांना पाठवलं तर त्यांनी उलट टपाली विचारलं, "यातला मी कोणता ते कळलं. पण याला पेन्शन होती का?"

जर्मनीत माझ्या वाट्याला आलेलं काम असं. चार हजार वर्षांपूर्वी असुर शहरातले व्यापारी गाढवांवर कापड आणि कथील लादून फार दूरच्या डोंगराळ मुलखात जायचे आणि तिथंच वर्षानुवर्षं राहायचे. बायका मागं घर सांभाळत, माग चालवत आणि नवऱ्यांना पत्रं लिहीत किंवा लिहवून घेत. त्या मातीच्या पत्रांवर मातीचंच पाकीट असे, वर पत्ता आणि शिक्का. पाकीट फोडल्याशिवाय आतलं दिसत नसे. काही पाकिटं अजून कुणी फोडलेली नाहीत. पत्रांत देवाधर्माचं फारसं नाही. घराचं काय झालं, पाठवलेलं कापड पोचलं का, आणि तू येतोस कधी, हेच. मला त्या बायका परक्या वाटल्याच नाहीत. मी प्रत्येक पाटीची नोंद करायची: नंबर, लांबी-रुंदी, काय शाबूत आहे, काय नाही. "कोपरा तुटलेला" हे शब्द मी पहिल्या हिवाळ्यात किती वेळा लिहिले ते देव जाणे.

त्या हिवाळ्यात एके दुपारी संग्रहालयात बसून मी घरी निळं हवाई पत्र लिहीत होते. बर्फ पडतोय, बटाटे खाऊन कंटाळा आलाय, मी बरी आहे, असलं सगळं. तेवढ्यात एका पाटीचा नंबर लिहून घ्यायचा होता आणि हाताशी दुसरा कागद नव्हता. मी पत्राचा खालचा कोरा कोपरा फाडला, त्यावर नंबर लिहिला आणि पाटीशेजारी ठेवला. पत्र वाया का घालवायचं म्हणून घडी घातली, चिकटवलं आणि टपालात टाकलं. पत्त्यात जिल्हा नेहमीप्रमाणे चुकून उस्मानाबादच लिहिला.

दीड महिन्यानं अण्णांचं उत्तर आलं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी एक ओळ होती: "पत्राचा कोपरा फाडून धाडत जाऊ नको." मी ते वाचून हसले. म्हटलं, म्हातारा कारकून तो कारकूनच, कागद चुरगळलेला खपत नाही. पत्र खिशात घालून जिना उतरायला लागले आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर पाय थांबले. मी तिथंच बसले.

आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र कशाचं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण निघून गेलेल्यांच्या पोराबाळांना माहीत नसेल म्हणून सांगते. माणूस गेल्याचं कळवायचं असलं की पत्राचा कोपरा फाडून पाठवायचा. हातात घेतल्याबरोबर कळतं, वाचावं लागत नाही. असलं पत्र घरात नेत नाहीत. बाहेरच वाचतात, फाडून टाकतात आणि अंघोळ करूनच आत येतात. बहात्तरच्या दुष्काळात माझा मामा पुण्याकडे कामाला गेला, त्याचं असंच कार्ड आलं होतं. मी चौदा वर्षांची, अण्णा कचेरीत, म्हणून अंगणात उभी राहून ते मीच मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली होती, "वाचू नको सुमे, मला कळालंय." तरी मी वाचलं. म्हणजे ही चूक करायचा हक्क जगात कुणाला नव्हता तर तो मला नव्हता.

त्या ओळीमागं काय घडलं होतं हे मला चार वर्षांनी कळलं, मी पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा. माय आत भाकरी थापत होती आणि अण्णांनी ओसरीवर हळू आवाजात सांगितलं.

"शुक्रवारी आला तुझा कागद. पोस्टमन एरवी पाणी पिऊन, वाचून दाखवून जायचा. त्या दिवशी त्यानं कोपरा बघितला, तिच्या हातात दिला आन् न बोलता गेला. मी लातुरात, बसू हॉस्टेलवर." बसू म्हणजे बसवराज, माझा धाकटा भाऊ. "तिनं कागद उंबऱ्याबाहेर कोनाड्यात ठिवला आन् समोर बसली. चूल न्हाई, पाणी न्हाई. शेजारची विचारायला आली तर म्हणाली, डोकं दुखून राहिलंय."

"कुणाकडून तरी वाचून घ्यायचं की," मी म्हणाले.

"मीबी तेच म्हणालो. तर म्हणाली, वाचला की खरं झालं असतं. शनिवारी सांजच्या गाडीनं मी आलो तर ही तिथंच. मी अंगणात उभ्यानं वाचलं. बर्फ, बटाटे, मी बरी हाय. ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. म्हणाली, तिचंच अक्षर हाय का? तीनदा वाचून घेतलं, मग उठली आन् चूल पेटवली."

मी आत गेले. मायच्या शेजारी बसले आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं ताटात गरम भाकरी टाकली. "झालं ते झालं," म्हणाली. "आता मला येतंय वाचायला."

येत होतंच. त्या शनिवारनंतर गावात प्रौढ शिक्षणाचा दुपारचा वर्ग सुरू झाला होता, त्यात पहिलं नाव हिचं. पन्नाशीला आलेली बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि हातात पाटी-पेन्सिल. बाकीच्या बायका सही येईपर्यंत टिकल्या. माय पत्र वाचता येईपर्यंत उठली नाही. त्यानंतर मला तिची पत्रं येऊ लागली, जसं बोलायची तसंच लिहिलेली. "पाऊस न्हाई. म्हैस व्याली. तुझा बाप खोकून राहिलाय पर ऐकत न्हाई. तू जेवतीस का." माझ्या असुरी बायकांची पत्रं वाचून मी लेख लिहिले, माणसांसमोर भाषणं दिली. मायच्या पत्रांना मात्र मी पुष्कळदा उशिरा उत्तर दिलं, हे इथं कबूल करते. नंतर फोन आले आणि पत्रं थांबली.

अण्णा आधी गेले. माय गेल्या वर्षी गेली, चालत्याबोलत्या अवस्थेत, सकाळी. बसूनं फोन केला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, मातीत बसवतात. मी पोचेपर्यंत ते झालं होतं. मी त्या मातीजवळ बराच वेळ बसले. तिसऱ्या दिवशी भावजयीनं मायची ट्रंक माझ्यासमोर ठेवली. "ताई, ही तुम्हीच उघडायची असं सांगून ठेवलं होतं त्यांनी."

वर लग्नातलं इरकल लुगडं. त्याखाली माझी सगळी पत्रं, दोऱ्यानं बांधलेली. आणि त्यांच्यापासून वेगळं ते निळं हवाई पत्र. जे घरात आणायचंच नसतं, वाचून फाडून टाकायचं असतं, ते तिनं लुगड्याच्या घडीत चाळीस वर्षं जपलं होतं. मी ते हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा काही वेगळं वाटलं नाही. चार कोपरे होते. मग दिसलं, चौथा कोपरा निळा नव्हता. रेघी वहीचा तुकडा बरोबर मापात कापून कणकेच्या खळीनं मागून चिकटवला होता. खळ वाळून कडक झाली होती. तुकड्यावर पेन्सिलीनं, वर्गातल्या पहिल्या महिन्यांतली असावीत अशी मोठी, वाकडी अक्षरं होती. तिनं लिहिलं होतं: "सुमी जिती हाय."

भावजय काहीतरी विचारत होती, मला ऐकू आलं नाही. मी रडले, अगदी मोठ्यानं रडले, जे मला ना तिकडे जमलं होतं ना मातीजवळ.

पत्त्यात मी अजूनही कधी कधी उस्मानाबाद लिहून जाते. आपलं घर विकलेलं नाही, बसू तिथं राहतो, मला खोली आहे, आणि तरी दोन्हीकडे मी पाहुणीच. पण घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मला फार विचार करावा लागत नाही. दोन बोटं रुंदीचा एक तुकडा आहे. मी असल्याचं तिथं एका माणसानं, लिहायला शिकून, लिहून ठेवलं आहे.