कसर लागलेला स्वेटर आणि डोंगरीची बस

चांगल्या लोकरीच्या शोधात लोक पार लडाखला जातात म्हणे. मी आणि माझ्या सासूबाई भाईंदरजवळच्या डोंगरी गावाला गेलो. आमच्या पेणकरपाड्याहून रिक्षा, मग बस, आणि संध्याकाळच्या चहाला परत घरी. या प्रवासाला फक्त पाण्याची बाटली आणि थोडा चिवटपणा लागतो.

निमित्त अण्णांच्या स्वेटरचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. आमच्या घरचं पूर्वी मिठागर होतं. थंडीत पहाटे खाडीवरचा वारा झोंबायचा, म्हणून आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना अस्सल लोकरीचा बाटलीहिरवा स्वेटर विणून दिला. अण्णांनी तो आयुष्यभर वापरला. ते गेल्यापासून आई थंडीत नाशिकला नणंदेकडे जाताना तोच घालतात. यंदा ट्रंक उघडली, तर दोन्ही कोपरांना भोकं. कसर लागली होती. कसर म्हणजे लोकर खाणारी बारीक अळी, जिला महागातलं तेवढंच बरोबर कळतं.

"हा गेला तर मी नाशिकला जायची न्हाय," आई म्हणाल्या. नणंद तिकडे वाट बघत होती, आणि आई एकदा न्हाय म्हणाल्या की ते न्हायच.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोकरीच्या बाबतीत आई म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या हेडमास्तर. 'घामावर कसर येते, धुतल्याशिवाय लोकरीचं ठेवायचं न्हाय' हे त्यांनी चार मजल्यांवरच्या सगळ्या बायकांना पाठ करून घेतलंय. मग यांच्याच ट्रंकेत कसर कशी शिरली? विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं त्याचं," आणि रफूला तशीच लोकर शोधायला चपला घालायला लागल्या.

पहिला मुक्काम नया नगर. गल्लीतल्या दुकानात छतापर्यंत लोकरीचे गुंडे रचलेले. दुकानदाराने हसून विचारलं, "ऊन चाहिए, माँजी?"

"ऊन बाहेर पुष्कळ हाय," आई म्हणाल्या. "मना लोकर पायजे."

बिचाऱ्याला विनोद कळेना. हिंदीतलं ऊन म्हणजे आपली लोकर, हे मी समजावलं. त्याने हिरवे गुंडे काढले. आईंनी एकाचा धागा तोडला आणि त्याच्याकडूनच काडेपेटी मागितली. धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक.

"सब लोग इसी को ऊन बोलते हैं," तो म्हणाला. त्याचंही खरंच आहे. आपणही मराठीत सगळ्यालाच लोकर म्हणतो, मग ती मेंढीची असो की कारखान्याची.

इथे जाणाऱ्यांसाठी सांगते. ॲक्रिलिक वाईट नसतं. रंग भरपूर, मशीनमध्ये धुता येतं, कसर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण घाम शोषत नाही आणि महिन्याभरात त्यावर गोळे येतात. बाळासाठी विणायचं असेल तर आपल्या हवेत सुती धागाच बरा. मी हाताला मऊ लागणारा पिवळा सुती गुंडा माझ्यासाठी घेतलाच. अस्सल लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. दुकानदाराने आपणहून आणखी दोन-तीन गुंड्यांचे धागे जाळून पाहिले. सगळ्यांचे मणी झाले. त्यालाच हसू आलं.

"चल फिलोमिनाकडे," आई म्हणाल्या.

फिलोमिनाबाई डोंगरीच्या. ऐन तारुण्यात भाईंदरच्या विणकामाच्या वर्गात दोघी शेजारी बसायच्या. ही हिरवी लोकर दोघींनी मिळून दादरहून आणली होती, एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली. त्याच रंगाचा गुंडाही दुसऱ्या लॉटचा आला तर छटा बदलते, म्हणून विणणाऱ्या बायका गरजेपेक्षा एक गुंडा जास्तच घेतात. फिलोमिनाबाईंचा तो जास्तीचा गुंडा अजून आहे, असं आईंचं ठाम मत होतं.

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेहून बस मिळते. खिडकी मिळवाच. मुर्धा, राई, मोर्वा करत बस गावांतून जाते आणि मधेच मिठागरं उघडी पडतात. आई स्वेटरची पिशवी मांडीवर घट्ट धरून तिकडे बघत होत्या. मी विचारलं, आपलं कुठलं? "दिसत न्हाय आता," त्या म्हणाल्या.

फिलोमिनाबाईंनी आधी आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. लोकरीचं नाव काढू देईनात. मग कपाटातून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला गुंडा आला. आईंनी तो स्वेटरवर ठेवला, आणि आम्ही तिघी बघत राहिलो. रंग जुळत नव्हता. गुंडा गर्द हिरवा, स्वेटर शेवाळी. लॉट एकच, पण एकाने जन्मभर अंधार पाहिला आणि दुसऱ्याने मिठागरावरचं ऊन.

फिलोमिनाबाईंनी स्वेटर उलटा केला, काखेशी नाक नेलं आणि आईंकडे पाहिलं.

"हा धुवून न्हाय ठेवलास गो तू?"

आई भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "धुतला असता तर त्यांचा वास गेला असता."

दर हिवाळ्यात घालत होत्या, दर उन्हाळ्यात तसाच ठेवत होत्या. सगळ्या बिल्डिंगला शिकवलेला नियम त्यांनी या एका स्वेटरपुरता मोडला होता. मला त्यांची फार माया आली. फिलोमिनाबाई मात्र स्पष्टच म्हणाल्या, "वास ठेवलास तर कसर ऱ्हाणार. उरलेलं पण खाईल. धू आणि मग रफू कर." आणि गुंडा आईंच्या पिशवीत टाकला.

परतीच्या बसमध्ये आईंनी पिशवी पुन्हा मांडीवर घट्ट धरली.

घरी आल्यावर मी रिठे भिजवले. लोकरीला हेच बरं. पाणी गार हवं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. दोरीवर टांगलं तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. हे सगळं आईंनीच मला शिकवलेलं, पण त्या बादलीशेजारी स्टुलावर बसून होत्या आणि स्वेटर सोडत नव्हत्या. शेवटी त्यांनी तो माझ्या नाकापाशी धरला.

"येतोय ना वास?"

मी खोल श्वास घेतला. "हो, येतोय की."

"खोटं बोलू नको," त्या म्हणाल्या. "डांबरगोळ्यांचा येतोय. त्यांचा कधीच गेला."

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी स्वेटर पाण्यात बुडवला.

आता दोन्ही कोपरांवर गर्द हिरवे चौकोन आहेत, लांबूनही दिसतात. जवळच्या छटेचं काही शोधू का, असं मी विचारलं होतं. आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नवा होता तेव्हा सगळा असाच होता." काल त्या तोच घालून नाशिकला गेल्या.