आईच्या कवळीतली फट

माझ्या आईनं मरणाची तयारी कधी केली नाही. तिची सगळी तयारी उठण्याची होती. आम्ही ख्रिस्ती लोक दर रविवारी उभं राहून, शरीराचं पुनरुत्थान होणार यावर आमचा विश्वास आहे, असं एका सुरात म्हणतो आणि खाली बसेपर्यंत विसरून जातो. मग घरी भाजी काय आहे, मोटारसायकल उन्हात तर नाही ना, असले विचार सुरू होतात. मीही त्यातलीच. आई मात्र ते वाक्य लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं मनावर घ्यायची. तिला शंका अजिबात नव्हती. प्रश्न होते, आणि ते सगळे सामानाचे होते.

"पाळकसाहेब, माझी गर्भपिशवी काढून टाकलीय. ती परत भेटंल का? न्हाई भेटली तरी चालंल, आपलं विचारून ठेवते."

घरी प्रार्थनेला आलेले पाळकसाहेब हातातला चहा खाली ठेवायचे. "बाई, नवीन शरीर मिळणार आहे. तेजस्वी. त्यात काहीच उणं नसणार."

"मंग मोतीबिंदूचं भिंग? ते तर चांगलं बसलंय. ते काढून घेतील का राहू देतील?"

साहेबांचा चहा हमखास गार व्हायचा. मी आतून दुसरा आणून द्यायचे, कारण माझ्या आईच्या श्रद्धेपायी एका देवमाणसाचे हाल मला बघवत नसत.

साहेबांकडे या विषयावर दाखवायला एकच वस्तू होती, ती म्हणजे बी. बियाण्यांच्या कंपन्यांनी भरलेल्या जालन्यात राहून दुसरी सुचणार तरी कशी! दर ईस्टरला ते मक्याचा दाणा तळहातावर धरून सांगत, हा मातीत जातो, मरतो, आणि बघा काय होऊन वर येतो. आता मी सतरा वर्षं एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटमध्ये उगवण तपासते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, कपाटात ठेवायचे आणि सात दिवसांनी किती उगवले ते लिहायचं. न उगवलेल्या दाण्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबलात तर त्याला फक्त बुरशी येते. एका वर्षी तर साहेबांच्या हातातला दाणा लालभडक होता, म्हणजे विषारी औषध चोळलेला. उपासना संपल्यावर मी त्यांना एवढंच म्हणाले, की पुनरुत्थान होईल तेव्हा होईल, आधी साबणानं हात धुवा. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जपून बोलत.

आईचे स्वतःचे दात जिल्हाभर पसरले होते. ती सरकारी नर्स. जिथं बदली झाली तिथं सेवा तर दिलीच, वर एखादा दातही देऊन आली. एक दाढ मंठ्याला, दोन वडीगोद्रीला, बाकीचे पायरियानं एकेक करत जालन्यात. शेवटच्या दिवशी मंठ्याची दाढ पहिल्या एसटीनं येणार, की वडीगोद्रीवाल्यांबरोबर जीपमध्ये कोंबून, असं मी तिला विचारायचे.

"हस, हस," ती म्हणायची. "तुझे अजून तोंडात हायेत."

समोरच्या दातांत फट असलेली बाई नशीबवान असते, असं आमच्याकडं म्हणतात. आईला तशी फट होती. नशीब किती फळलं तेही सांगते. पहिली मुलगी चौदा महिन्यांची होऊन तापानं गेली. मग मी झाले. मी शाळेत असताना वडील गेले. मग एकेक करून दातही गेले, म्हणजे नशीब ज्या फटीत राहत होतं ती जागाच उरली नाही.

सात वर्षांपूर्वी तिला कवळी बसवायची ठरली. डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता, आणि आपल्या खुर्चीत कोण बसलंय याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं दातांच्या रंगांची पट्टी पुढं केली. आईनं त्यातला सगळ्यात पिवळट रंग निवडला. मग पिशवीतून एक जुना फोटो काढला. फोटोत ती विशीतली, मांडीवर ती पहिली मुलगी, आणि आई दात दाखवून हसतेय.

"हे बघा, पुढं ही अशी फट पाहिजे."

"आजी, लोक माझ्याकडं फट बुजवायला येतात."

"येऊ द्या की. मी न्हाई म्हणून राह्यले का त्यांना?"

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. आठ दिवसांनी कवळी आली, ती दाणेदार, एकसारखी, फटीशिवाय. कवळी बनवणाऱ्या कारागिरानं ती चूक समजून दुरुस्त केली होती. आईनं ती परत पाठवली. दुसऱ्यांदा आली तीही दुरुस्त होऊनच. चांगलं काम करणाऱ्या माणसाचा हात थांबत नाही, त्याला कोण काय करणार! तिसऱ्या खेपेला डॉक्टरनं सोबत चिठ्ठी लिहून दिली, की ही चूक नसून आजींची इच्छा आहे, कृपया सुधारू नये. मग कुठं फट आली.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "या वयात नटायची हौस चांगली हाय तुला."

"नटायला न्हाई गं. ती मला ओळखणार कशी?"

"कोण ती?"

"कोण म्हंजे? तुझी ताई."

ताईचं नाव आमच्या घरात वर्षातून एकदा निघे. ईस्टरला पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात मेणबत्त्या लावायला जाते, तेव्हा. तिच्या कबरेवरचा दगड केव्हाच गेला होता. आई लिंबाच्या झाडापासून पावलं मोजायची आणि जिथं मोजणी संपेल तिथं मेणबत्ती लावायची. दरवर्षी जागा हातभर इकडंतिकडं व्हायची.

"मी हसले की ती फटीत करंगळी घालायची," आई रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगू लागली. "बोलता येत न्हवतं तिला. तिला माझं एवढंच ठाव होतं बघ. त्या दिवशी गर्दी केवढी राहील! सगळी दुनिया उठून उभी. त्यात चौदा महिन्यांचं लेकरू. मी असं बोळकं घेऊन पुढं गेले तर भिऊन रडंल ना ते."

"ती अजून चौदा महिन्यांचीच असंल कशावरून?"

"तिथं वय वाढत न्हाई."

"मंग तुझं तरी कशाला वाढंल? साहेब तर नवीन शरीर म्हणून राह्यले."

आईनं जरा विचार केला. "नवीन भेटलं तर चांगलंच हाय. न्हाई भेटलं तर? आपली सोय आपण करून ठेवावी."

मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये डबा खाताना सगळ्यांना सांगितलं, तेही हसले. हसण्यासारखंच होतं. पण खरं सांगायचं तर पुढं मला राग येऊ लागला. घरी आई कवळी घालतच नसे. चर्चला जायचं म्हटलं की भिंतीकडं तोंड करून, पदर आड धरून ती घालायची, कुणाला बघू द्यायची नाही. परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी कवळी काढायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायची. म्हणजे देवाला दात, मंडळीला दात, मेलेल्या मुलीसाठी तर खास फट ठेवून दात. आणि जी मुलगी तिच्या गोळ्या आणते, तिची भाकरी दुधात कुस्करून देते, तिच्यासाठी बोळकं. जिवंत असण्याचा हा तोटा आधी माझ्या लक्षात आला नव्हता.

शेजारच्या खाला आईच्या तीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. दुपारी दोघी ओट्यावर ज्वारी निवडत बसायच्या. आमच्याकडं पुनरुत्थान, त्यांच्याकडं कयामत, त्यामुळं विषयाला तोटा नव्हता. खालांना आईचा बेत पटलेला नव्हता.

"आपा, उस दिन सबकू अपनी अपनी पडी रहती. माँ बच्चे को नै देखती."

"तुमच्याकडं न्हाई बघत असतील," आई सुपातला खडा फेकून म्हणायची. "आमच्याकडं बघतात."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली होती. सातपर्यंत घर माणसांनी भरलं. कुणीतरी तिचा जबडा फडक्यानं बांधला. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं, आणि आलेल्यांसाठी चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीत वाटी होती. वाटीत पाणी आणि पाण्यात कवळी.

मला ती दिसली. हे लिहून टाकते, म्हणजे कुणी मला उगीच विसराळू समजायला नको. मी वाटीवर झाकणी ठेवली आणि ती साखरेच्या डब्यामागं सरकवली. मनात म्हणाले, नवीन शरीर मिळणार आहे, साहेबच सांगतात. ज्या वाक्याला मी सतरा वर्षं हसले, ते त्या सकाळी किती पटकन कामाला आलं! मग मी चहात आलं ठेचून घातलं, चांगला झाला म्हणाले सगळे.

चार वाजता पेटी बंद झाली. माझा नवरा रोलिंग मिलमध्ये फिटर आहे, त्यानं झाकणाचे स्क्रू स्वतः पिळले, आणि मिलच्या सवयीनं जरा जास्तच घट्ट पिळले. पेटी उचलणार तेवढ्यात बायकांतून खाला पुढं आल्या. त्या कबरस्तानात येणार नव्हत्या, दारातूनच निरोप देणार होत्या. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "बेटा, आपा के दाताँ दिये ना साथ में?"

"न्हाई, खाला. तिथं नवीन शरीर भेटतं. दातांची गरज न्हाई."

"नये का मेरेकू नको सुना," खाला सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तीस साल से सुन रई मैं. वो गई सो बच्ची कैसा पैचानेगी?"

ज्या बाईनं जन्मभर आईशी या गोष्टीवरून वाद घातला, ती आता आईच्या बाजूनं उभी होती. आणि मी, तिच्या पोटची, डब्यामागं वाटी लपवून बसले होते. मला इतकी लाज वाटली की रडूच फुटलं. सकाळपासून लोक मला रड, मोकळी हो, म्हणत होते, ते काम खालांनी एका वाक्यात केलं.

मी आत जाऊन वाटी घेऊन आले. नवऱ्याला म्हटलं, पेचकस आण, झाकण खोल.

पाळकसाहेब जवळ आले. "बाई, उशीर होतोय. मंडळी खोळंबलीय. आणि आपली शिकवण तुम्हाला माहीत आहे, प्रभू देणार त्या शरीरात..."

"साहेब, नवीन भेटलं तर चांगलंच हाय," मी म्हटलं. "न्हाई भेटलं तर?"

साहेबांनी माझ्या हातातल्या वाटीकडं पाहिलं. त्यांना आईची सगळी प्रश्नपत्रिका आठवली असणार. मग ते पेटीच्या पायांकडच्या बाजूला गेले, आणि स्क्रू निघाल्यावर झाकणाचं एक टोक त्यांनीच धरलं. तेव्हापासून मी त्यांच्या मक्याच्या दाण्याबद्दल काही बोलत नाही.

जबडा उघडणं शक्यच नव्हतं. तो सकाळीच आवळून बांधला होता, आणि तोवर आई सगळीच ताठ झाली होती. मी कवळी पुसून रुमालात गुंडाळली आणि तिच्या छातीवरच्या हातांखाली सरकवली, उजव्या तळव्याला लागेल अशी. बोटं काही मिटली नाहीत. पदर वरून नीट केला. नवऱ्यानं स्क्रू पुन्हा पिळले, या वेळी हलक्या हातानं. लिंबाच्या झाडापासून पंधरा-वीस पावलांवर जागा मिळाली, मोजणी कुणाची धरायची त्यावर आहे.

त्या दिवशी काय होईल मला माहीत नाही. माझ्या कपाटात न उगवलेला दाणा अजून तरी उगवलेला नाही. पण झालंच, तर पुढचा क्रम मला पाठ आहे. आई उठेल, हातातला रुमाल सोडेल, भिंत शोधेल. भिंत नसेल तर पदर आड धरेल, कवळी घालेल, आणि मग वळून हसेल. ताई करंगळी घालेल. त्यांचं दोघींचं निवांत होऊ दे, मी मागं थांबीन. माझी पाळी आल्यावर तिनं कवळी काढून ठेवली तरी चालेल. मी तिला बोळक्या तोंडानंच ओळखते.