पॉइंट फोर फोरचा बार, एक बिनपावडरचं काडतूस

शिसं वितळवून ओतलेल्या दोनशे गोळ्या, रिव्हॉल्व्हरची अक्रोडाची मूठ, काडतुसं ठेवायचे चार लाकडी ट्रे. सगळं माझ्या हातचं. इथे जर्मनीत परवान्यापुरता कोर्स केला, बाकी स्वतःच शिकलो. आज सकाळी नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत फसलेलं काडतूसही माझ्याच हातचं.

पॉइंट फोर फोर मॅग्नम. दोन बार दणक्यात. तिसऱ्याला नुसतं ‘फुस्स’. घड्याळ चालू होतं, बोट ट्रिगरवर होतं. पण मी थांबलो आणि हात वर केला.

रेंज सांभाळणाऱ्या डीटरने पाहिलं, तर गोळी नळीतच अडकलेली. चौथा बार काढला असता तर नळी फुटली असती.

“आल्झो, म्हणजे पावडर घालायला विसरलास?”

“गेनाऊ, अगदी तेच,” मी म्हणालो. स्पर्धा तिथेच संपली.

घरी बायको म्हणाली, “अहो, रविवारी पुण्याचा व्हिडिओ कॉल चालू ठेवून भरत होतात ना?”

होतो. गोळी बसवण्याआधी काडतुसाच्या प्रत्येक पितळी केसमध्ये पावडर आहे का ते टॉर्च मारून पाहतो. त्या दिवशी एक ट्रे राहिला.

दुपारी त्या खेपेची उरलेली सगळी काडतुसं उघडली. बाकीच्यांत पावडर होती. आता भरताना फोन दुसऱ्या खोलीत. तुमच्या कामातली कुठली पायरी तुम्ही ‘आज राहू दे’ म्हणून सोडता?

निघताना डीटर म्हणाला होता, “रिव्हॉल्व्हर, गोळ्यांचे साचे, काडतुसं भरायचा प्रेस, सगळं मला विक आणि निवांत बागकाम कर.” दीड हजार युरो देत होता. मी नाही म्हणालो.