देवांवर मारलेली काट

लिहायला कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण घेऊन मी नुकतीच परतले होते आणि अंगात उत्साह मावत नव्हता. आधी बोलायचं, मग कच्चं लिहायचं, मग वाचून खाडाखोड करायची, मग पक्कं करायचं. किती सोपं! मालवणजवळच्या आमच्या वाडीत, अंगणवाडीच्या खोलीत, दुपारी तीनला माझा साक्षरता वर्ग भरायचा. आठ जणी, सगळ्या मासे विकणाऱ्या. बाजार उरकून, पाट्या धुऊन, हात साबणाने घासघासून यायच्या. अक्षरं बऱ्यापैकी बसली होती. पण ‘मनातलं लिहा’ म्हटलं की आठही जणी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी फुकटात पापलेट मागितलंय. मी चिडायचे आणि फळ्यावर ‘माझे गाव’ लिहून द्यायचे. त्या ते सुबक उतरवून काढायच्या. आठ वह्या, पण मजकूर एकच!

एकदा त्यांच्यातली सगळ्यात तोंडाळ बाई वर्ग सुटल्यावर मागे थांबली.

“बाई, माका चेडवाक पत्र लिवचा आसा. माझ्या हातान.”

तिची मुलगी गोव्यात नर्स होती. तिने आपल्या पसंतीने लग्न केलं तेव्हा ही लग्नाला तर गेली नाहीच, वर उंबऱ्यात उभी राहून पोरीला नको नको ते बोलली. त्याला दोन वर्षं झाली होती. वाडीत फोन एकच, तोही दुकानात. तिथे बोलायचं म्हणजे साऱ्या वाडीला ऐकवायचं. दुकानदाराकडून तिने दोन पत्रं लिहून घेतली होती. त्यांत सगळ्यांची खुशाली होती, सांगायचं होतं तेवढंच नव्हतं. उत्तर आलं नाही.

“सातवो म्हयनो लागलो म्हणतत तिका. पयला बाळंतपण माझ्याकडे होवक नको?”

“मग लिही ना, चुकलं म्हणून.”

“आवशीन चेडवाची माफी मागूची? कशी मागतत ती? माका येणा नाय.”

दुसऱ्या दिवशी तिला विचारून मी हा प्रश्न वर्गातच मांडला. आजवर माफी मागितलीत ती कुणाची? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, देवाची. गाऱ्हाण्यात. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, मानकरी देवासमोर उभा राहून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. या बायका जन्मभर मागे उभ्या राहून तेवढंच म्हणत आल्या होत्या.

“आज तू घाल गाऱ्हाणं,” मी म्हटलं. “मुलीला.”

ती लाजली, हसली, पदर खोचून उभी राहिली. आणि मग असा आवाज लागला की माझ्या अंगावर काटा आला.

“बा माझ्या चेडवा म्हाराजा! तुझ्या लग्नाक मी इलंय नाय...”

“व्हय म्हाराजा!” सात जणी गरजल्या.

“तुका नको नको ता बोललंय...”

“व्हय म्हाराजा!”

“काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, नि तुझ्या आवशीक पदरात घे!”

यावर ‘व्हय’ म्हणायचं सोडून सातही जणींनी पदर डोळ्यांना लावले. मी तर डोळे पुसत नाचायचीच बाकी होते. “आत्ता बोललीस तेच लिही! आत्ताच्या आत्ता!” असं ओरडलेसुद्धा.

तिने तीन दुपारी खपून लिहिलं. मी वाचायला घेतलं आणि कपाळावर हात मारला. दीड पान नुसते देव! ग्रामदेवता, कुलदेवता, वेशीवरचा राखणदार, समुद्र, पूर्वज. गाऱ्हाणं म्हटलं की कुणाला वगळायचं नाही, वगळलेला कोपतो. मुलगी उगवत होती ती पार शेवटी, दोन ओळींत. आणि आंतर्देशीय पत्रावर जागा ती केवढी!

“यातलं काही कमी करावं लागेल,” मी भीत भीत म्हटलं.

झालं! वर्गात कालवा उठला. राखणदाराला काढायचं? वेड लागलं काय बाईंना? एक जण तर वही मिटून उठलीच.

“पत्र कुणाला आहे?” मी पत्र लिहिणारीला एवढंच विचारलं.

तिने कागद पुढे ओढला. मग पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत, सगळ्या देवांवर, एकच तिरपी काट मारली.

“देव माका वळाखतत, ते काय रागावचे नाय,” ती म्हणाली. “रागावलला आसा ता चेडू.”

प्रशिक्षणात मला खाडाखोडीचे पाच नियम शिकवले होते. त्या दुपारी मी ते सगळे विसरले आणि आनंदाने तिला मिठी मारली. उरलेल्या दोन ओळींच्या मग अकरा झाल्या. पक्कं पत्र तिनेच लिहिलं, पत्ताही तिनेच घातला आणि पेटीत टाकायला आम्ही नऊ जणी वरातीसारख्या गेलो.

उत्तर आलं ते वर्ग चालू असतानाच. पोस्टमनने खिडकीतून आत दिलं. तिने पाकीट फोडलं, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत वाचायला लागली. मध्येच ती हसली, मध्येच थांबून नाक पुसलं. माझ्याच्याने राहवेना. सवयीने मी हात पुढे केला. “दे, मी वाचून दाखवते.”

तिने कागद छातीशी धरला.

“नको बाई. ह्या माका लिवलला आसा.”

आणि वही-पेन्सिल तशीच टाकून ती चपला शोधायला लागली. “तीन वाजान गेले. पणजीची गाडी पकडूक व्हयी. चेडवाक बाळंतपणाक घरी आणूक जातंय.”